ब्रॅकॉन ज्ञानदीपी

शिखाने कागद टेबलावर ठेवला तो पालथा. गेली चार वर्षं ही मुलगी धम्मदीना मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि एरवी निकाल हातात आला रे आला की जिन्यावरूनच ओरडत वर यायची. आज मात्र तिने प्राणिशास्त्र विभागाचा दरवाजा हळूच लोटला, कागद पालथा ठेवला आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. त्यामुळे तो उलटवायच्या आधीच धम्मदीना धास्तावली. बावन्न वर्षांच्या बाईला, निम्मं आयुष्य कॉलेजात शिकवण्यात घालवलेल्या बाईला एका पालथ्या कागदाची भीती वाटावी, याचं तिचं तिलाच हसू आलं. तिने चष्मा काढला, साडीच्या पदराला पुसला, पुन्हा घातला. मग कागद उलटवला.

"मॅडम, मी चार बार चेक केलं," शिखा म्हणाली. "दुसऱ्या जीनवरून पण सेमच येतंय. मला वाटलं सॅम्पल खराब झालं असेल, म्हणून लॅबला परत पाठवलं. तरी तेच."

कागदावर एक आडवं झाड होतं. डीएनएची अक्षरं एकमेकांशी ताडून कॉम्प्युटर काढून देतो तसलं. बुंधा डावीकडे, फांद्या उजवीकडे, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला एकेका माशीचं नाव. वेगळ्या प्रजाती असतील तर त्या वेगळ्या फांद्यांवर बसतात. इथे एकाच फांदीवर पंचवीस नावं होती. त्यातली एकोणीस जुन्या पिवळ्या माशीची आणि सहा काळ्या माशीची, आणि ती सहा एका बाजूला नव्हती. पंगतीत घरचे आणि दारचे मिसळून बसावेत तशी ती मधे मधे विखुरली होती. ब्रॅकॉन ज्ञानदीपी, ब्रॅकॉन ज्ञानदीपी, ब्रॅकॉन ज्ञानदीपी. सहा वेळा तिच्या भावाचं नाव छापलं होतं आणि सहाही वेळा ते एकच सांगत होतं, की ही माशी निराळी नाही. धम्मदीनाला हे कळायला एक क्षणही लागला नाही. ती कागदाकडे पाहत राहिली ती समजून घेण्यासाठी नव्हे, नजर उचलली तर शिखाकडे पाहावं लागेल म्हणून. शिखाला ज्ञानदीप कोण ते माहीत होतं. विभागात सगळ्यांनाच माहीत होतं.

या ब्रॅकॉन माश्या मुंगीहूनही लहान असतात. गुंडाळलेल्या पानात अळी शोधायची, तिला डंख मारून लुळी करायची आणि तिच्या अंगावर अंडी घालायची, हा त्यांचा संसार. पिल्लं अळी खाऊन मोठी होतात आणि तिच्या रिकाम्या कातड्याशेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष विणतात. कोणती माशी कोणती, हे ठरवायला माणसं आयुष्य घालवतात. शिंगांचे मणी मोजायचे, पंखांच्या शिरा मोजायच्या, रंग बघायचा. जगात हे काम मनापासून करणारे फार तर चाळीस-पन्नास लोक असतील आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत, असं धम्मदीना वर्गात गमतीने म्हणायची. या वेडात तिला सोबती मिळाला तो घरातच. ज्ञानदीप तिच्याहून आठ वर्षांनी लहान. वडील चांगदेव लष्करात हवालदार-क्लार्क, त्यांची सारखी बदली. आई मीराबाई शिवणकामात. त्यामुळे या पोराला कडेवर घेऊन वाढवलं ते ताईनेच. बीएस्सी त्याने अर्धवट सोडली आणि इंदूरजवळच्या महूच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. शाळेपासून बारीक कामाचा हात होता त्याचा. मोबाइलच्या पोटातला स्क्रू ज्या चिमट्याने उचलायचा, त्याच चिमट्याने तो माशी उचलून कागदाच्या त्रिकोणी कपट्याच्या टोकावर चिकटवायचा, डिंकाचा थेंब असा की भिंगाखालीही दिसू नये. ताईच्या हातून पाय तुटायचे. "ताई, तुम सिर्फ़ नाम दो, बाकी मी बघतो," म्हणायचा. लहानपणी लालबागेच्या जत्रेत सगळी पोरं पाळण्याकडे धावत असताना हा पठ्ठ्या जास्वंदीच्या झुडपापाशी बसून गुंडाळलेली पानं उलगडत होता, आणि ताईचे पाळण्याचे पैसेही त्याच्यापायी फुकट गेले होते. तेव्हा तिने त्याला धपाटा घातला होता. तो धपाटा तिला आता आठवला, आणि तळहात चुरचुरला.

"अजून एक सांगायचं होतं," शिखा चाचरत म्हणाली. "मी पिवळ्या माश्यांचे कोष इन्क्युबेटरमध्ये ठेवले होते, थंडीत. सोळा डिग्रीला. मॅडम, काळ्या निघाल्या. पंख पण लंबे. शिंगांचे मणी पण जास्त. एकदम अपनी ज्ञानदीपीसारख्या."

'अपनी' म्हणाली ती. धम्मदीनाला त्या एका शब्दासाठी तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी खोलीबाहेर घालवावंसंही वाटलं. थंडीत वाढलेल्या माश्या काळपट निघतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. सोळा वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. पण ज्या बारा माश्यांना तिने ज्ञानदीपचं नाव दिलं होतं, त्या थंडीतल्या नव्हत्याच. प्रत्येकीच्या टाचणीखाली ज्ञानदीपच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती: महू, भेंडीचं शेत, १९ मे २००८, माश्या निघाल्या ७ जून. मे महिना. महूचं शेत. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. भर उन्हाळ्यात जी माशी काळी निघते ती मुळातच काळी, म्हणून निराळी. या एका तर्कावर तिने चार पानांचा शोधनिबंध उभा केला होता. कोषातून बाहेर यायला या माश्यांनी जास्त दिवस घेतले होते, तेही तिने त्यांचं वैशिष्ट्य म्हणून मोठ्या हौसेने नोंदवलं होतं. निबंध छापून आला दोन हजार नऊ साली. ज्ञानदीप गेला होता आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, दोन्ही किडन्या निकामी होऊन, अठ्ठाविसाव्या वर्षी.

"मग मे-जूनच्या गर्मीत काळ्या कशा निघाल्या, तेच समजत नाहीये," शिखा म्हणाली. "एकच होऊ शकतं. तारीख..." आणि ती थांबली.

"तारीख काय?"

"काही नाही मॅडम. मी ड्राफ्ट मेल करते. तुम्ही आरामात बघा."

तो मसुदा धम्मदीनाने इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आपल्या फ्लॅटवर, चहा गार होईपर्यंत वाचला. पोरगी हुशार होती, इंग्रजीही नेटकं. जुन्या पिवळ्या माशीला कुणा इंग्रजाने शंभर वर्षांपूर्वी नाव दिलेलं. दोन नावं एकाच प्रजातीची निघाली तर जुनं राहतं, नवं बाद होतं, हा नियम. तेव्हा ज्ञानदीपी बाद. आणि शेवटी एक वाक्य होतं, अगदी सभ्य, कुणालाही लागू नये अशा बेताने लिहिलेलं: मूळ नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरील तारखा संशयास्पद असून संकलकाकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे. संकलक म्हणजे ज्ञानदीप. नाव बाद होणार हे तिने दुपारपासून मनाशी घोळवून कसंबसं गिळलं होतं, निदान गिळल्यासारखं केलं होतं. पण हे वाक्य काही केल्या गिळवेना. ज्याने आयुष्यात एक रिचार्जची पावतीसुद्धा चुकीच्या तारखेची फाडली नाही, त्याने तारीख चुकवली म्हणे. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी, हाताला सुया टोचून निळे डाग पडलेले असताना, त्याने पहिलं काम काय केलं असेल तर खिडकीतल्या काचेच्या नळ्या तपासल्या आणि वहीत लिहिलं, कोष शाबूत. त्या बारा माश्या निघाल्या तेव्हा त्याने फोन केला होता. आवाज खोल गेलेला, पण आनंद मावत नव्हता. "ताई, काल्या निकल्या! एकदम काल्या! अशी पहले कधी नाही पाहिली मी." त्यानंतर त्याने दुसरी माशी लावली नाही. तेवढं शेवटचं काम.

पुढचे चार दिवस तिने जे केलं ते तिने कुणाला सांगितलं नसतं. कपाटातून ती जुनी पेटी काढली आणि मूळ नमुना, ज्याच्यावर सगळं नाव टेकलेलं असतं तो एकच एक नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सोळा वर्षांत रंग तसूभर उतरला नव्हता. काळीभोर पाठ, धुरकट पंख. डावा मधला पाय तेवढा नव्हता. तो शिखाने डीएनएसाठी काढला होता, तिच्याच परवानगीने. मोठ्या रुबाबात दिली होती तिने ती परवानगी. तंत्र नवं आहे, आपलं काम त्याच्या कसोटीला लावायला घाबरायचं कशाला, असंही वर भाषण दिलं होतं. आता ती शिंगांचे मणी मोजत होती. एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले, मग पिवळीचे मोजले. एखादा मणी जास्त, एखादी शीर वाकडी, पोटाच्या पहिल्या पट्ट्यावर एखादी रेघ, काहीही, ज्याला धरून 'थांबा' म्हणता येईल. डोळे चुरचुरायला लागले. तिसऱ्या दिवशी तिला खरोखरच एक रेघ दिसली. पुसून पाहिलं तर ती काचेवर होती. असं काही शोधत बसणाऱ्या विद्यार्थ्याला तिने हाकलून दिलं असतं. उत्तर आधी ठरवून पुरावा धुंडाळायचा नाही, हे तीच शिकवते ना दर वर्षी, पहिल्या तासाला.

आणि दुसराही एक विचार होता, तो तर याहून वाईट. तिने नुसतं म्हटलं असतं, शिखा, जुन्या वाळलेल्या पायांमधलं डीएनए भरवशाचं नसतं, हे प्रकरण थीसिसमधून काढून टाक, तर शिखाने काढलं असतं. गाइडच्या शब्दापुढे कोण जातं? पाचातलं एक प्रकरण कमी झालं असतं, डिग्री अडली नसती. जगात कुणाचं काय अडलं असतं? त्या चाळीस-पन्नास लोकांपैकी एकाने कधीतरी वीस वर्षांनी हे शोधलं असतं, तोवर आई नसती, कदाचित आपणही नसतो. मग कोण बाद होतंय आणि कोण राहतंय, याच्याशी कुणाला घेणंदेणं? हा विचार तिला भाजी निवडताना यायचा, हजेरी घेताना यायचा, शेजारच्या जिन्यात कुणी 'कैसी हो मॅडमजी' म्हणालं की उत्तर देता देता यायचा. शिखा या दिवसांत रोज यायची, काही न विचारता आपलं काम करायची आणि जाताना नुसतं बघायची. तिच्या त्या बघण्यात धाक नव्हता, विश्वास होता. धाकाला धम्मदीना पुरून उरली असती. शुक्रवारी संध्याकाळी तिने शिखाला मेल केला: नाव बाद करायचं, प्रकरण राहील, शेवटच्या वाक्याबद्दल सोमवारी बोलू. पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच धुतलेली भांडी परत धुतली.

आता आईला सांगणं आलं. रविवारी ती सरवटे बसस्टँडवरून महूच्या बसमध्ये बसली तेव्हा तिने वाक्य तयार ठेवलं होतं. आई, विज्ञानात नावं बदलतात, त्याने ज्ञानदीप लहान होत नाही. वाटेतलं राऊ गाव येईपर्यंत ते वाक्य तिला बरं वाटत होतं. राऊ गेल्यावर ते सरकारी पत्रातल्यासारखं वाटायला लागलं. ब्याऐंशी वर्षांच्या मीराबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या चार पानांतलं आपल्या लेकाचं नाव कुठे कुठे आहे हे तिला बोट ठेवून दाखवता यायचं. पहिलं पान तिने काचेत मढवून घेतलं होतं आणि बुद्धाच्या मूर्तीच्या नि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली, चांगदेवांच्या फोटोशेजारी लावलं होतं. ज्ञानदीपचा फोटोही होता घरात, पण तो आतल्या खोलीत. बाहेर ते पान. दर ऑगस्टला ज्ञानदीपच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला माणसं जमली, वंदना झाली की कुणीतरी नवीन माणूस विचारायचा, हे काय? आणि मीराबाई सांगायची, "माझ्या पोराच्या नावाचा कीडा आहे. साऱ्या दुनियेत लोक त्याला माझ्या पोराच्या नावानं बुलावतात." यशवर्धन नावाचा एक पुतण्या एकदा हसला होता, कीडा काय म्हणे, तर त्याच्याशी ती दोन वर्षं बोलली नव्हती. पोर गेल्यावर आई तेरा दिवस रडली आणि मग घराबाहेरच पडेना; चौदाव्या महिन्यात ते पान आलं आणि त्या दिवसापासून ती पुन्हा शेजारीपाजारी जायला लागली. हे धम्मदीनाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पानातून आता काय काढून घ्यायचं?

मीराबाई दारातच खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसली होती. "ये बाई. आज कशी काय? सणवार नाही काही नाही." तिने ताट बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लेक नको नको म्हणत असताना चहा टाकला. चहाबरोबर वाटीत शेव. धम्मदीनाने एक घोट घेतला, वाटी हातात धरली, खाली ठेवली. तयार ठेवलेलं वाक्य काही केल्या जिभेवर येईना. मग ती आडवळणाने निघाली, भित्र्या माणसांची तीच रीत.

"आई, ते साल आठवतं? ज्ञानूला पहिल्यांदा ॲडमिट केलं, मे महिन्यात. त्याच्या त्या नळ्या खिडकीत होत्या ना, किड्यांच्या?"

"खिडकीत कुठं!" मीराबाई म्हणाली. "खिडकीत राहिल्या असत्या तर भुनून गेल्या असत्या. काय गर्मी होती त्या साली, माय! तू तिकडं इंदूरला त्याच्यासंग दवाखान्यात. मी एकली घरी. तो मला फोनवर म्हणे, आई, नळ्या सांभाळ, मरू नको देऊ, ताईचं काम आहे. आता मला काय माहीत किडे कसे सांभाळतात? लाइट तर घडी-घडी जायची. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, दूध फ्रिजमध्ये नासत नाही, तर हे पण नाही नासायचे. दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून दिल्या. ग्यारा दिवस."

धम्मदीनाने कपबशी खाली ठेवली.

"त्याला सांगितलं नाहीस?"

"छे! चिडला असता. म्हणाला असता, माझे किडे दुधाजवळ ठेवले, शी. सुट्टी मिळाली त्या दिवशी सकाळी उठून काढल्या, पुसल्या आणि खिडकीत परत जशाच्या तशा मांडून ठेवल्या. आला तेव्हा पाहतो तर सगळे जिते. असा खुश झाला पोरगा! सहा-सात दिवसांनी निघालेच ना सगळे?" मीराबाईच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर, सोळा वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी सांगून टाकल्याचा खट्याळ आनंद होता. "कुणाला बोलले नाही मी आजपर्यंत. त्यालाही नाही, तुलाही नाही. पण मनात म्हणते कधी कधी, मी ठेवले म्हणून जगले. नाही तर कुठला कीडा आणि कुठलं नाव!"

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. धम्मदीना समोरच्या काचेतल्या पानाकडे पाहत होती. तिच्या डोक्यात, तिची इच्छा असो नसो, हिशेब आपोआप लागत होता: लष्करी कँटीनमधून आणलेला तो जुना फ्रिज, दिवसातून सहा-सहा तास जाणारी वीज, त्यामुळे आत ना धड थंड ना धड गरम, माशी मरणार नाही पण काळी पडेल एवढीच थंडी. अकरा दिवस. म्हणून उशीर झाला निघायला. म्हणून पंख लांब. ज्याला आपण प्रजाती म्हणालो ती भेंडीच्या शेतात कधी नव्हतीच. ती इथे, या घरात, दुधाच्या पातेल्याशेजारी तयार झाली होती, आणि तयार करणारी बाई ही समोर, शेवेची वाटी पुढे सरकवत. ज्ञानदीपची तारीख खरी होती. त्याचं प्रत्येक अक्षर खरं होतं. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. आणि पाठोपाठच तिला कळलं, की हे आता लिहावं लागेल. कारण द्यावंच लागतं. कुणी ठेवल्या, का ठेवल्या. आणि आपण जे सांगायला आलो आहोत ते सांगितलं, तर ही म्हातारी उरलेलं आयुष्य एकच गोष्ट घेऊन बसेल, की पोराचं नाव माझ्या हातानं गेलं. देवाला दोष द्यायची सोय या घरात नव्हती. हिने तो स्वतःलाच दिला असता, आणि रोज दिला असता.

"काय गं? रडते काय?" मीराबाईने विचारलं. "ठेवायला नव्हत्या पाहिजे का मी? काही गलत झालं काय?"

तिच्या आवाजात भीती होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, आणि पाटी फुटलेल्या पोरीसारखी लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही आई," धम्मदीना म्हणाली. "तू ठेवल्या नसत्यास तर ते नाव झालंच नसतं." आणि हे शब्दशः खरं होतं.

मीराबाईचा जीव भांड्यात पडला. तिने पदराने लेकीचे डोळे पुसले, जोरात, लहानपणी पुसायची तसे, आणि तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. पुढचा तासभर ती गल्लीतल्या सुनांबद्दल बोलत होती. धम्मदीना हं हं करत होती. निघताना तिने वाकून आईच्या पायांना हात लावला, तर आई म्हणाली, "आज काय नवीनच!"

बस यायला वेळ होता. थांब्यावर दोन बायका आणि एक सायकलवाला. तिने शिखाला फोन लावला.

"शिखा, शेवटचं वाक्य बदलायचं. लिहून घे. चिठ्ठ्यांवरच्या तारखा आणि जागा बरोबर आहेत. संकलकाची कुठलीही चूक नाही. हे स्पष्ट लिही, 'कुठलीही' असं. कोष अकरा दिवस घरगुती फ्रिजमध्ये ठेवले गेले होते, म्हणून माश्या काळ्या झाल्या."

पलीकडे की-बोर्डचा आवाज थांबला. "फ्रिज? मॅडम, कुणी ठेवले? रिव्ह्यूअर विचारणार ना."

"मी ठेवले."

"तुम्ही?" शिखाने विचारलं. "पण मॅडम, तेव्हा पेपरमध्ये तर नाही लिहिलं तुम्ही. मग लोक म्हणतील ना की... म्हणजे, इतनी बड़ी बात, तुम्ही कशी..."

"विसरले. नोंद करायला विसरले. लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे, असं लिही."

"मॅडम, तुमचं नाव खराब होईल. सगळे वाचतात. आणि तुम्ही तर त्या टाइमला हॉस्पिटलमध्ये होत्या ना भैयाबरोबर? तुम्हीच बताया था."

"मी महूला आहे शिखा, आत्ताच आईकडून निघाले," धम्मदीना म्हणाली. रस्त्यावरून लष्कराचा एक ट्रक गेला, त्याच्या आवाजात काही वेळ गेला. तेवढ्यात शिखाला काहीतरी उमगलं असावं, कारण ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"ठीक है मॅडम. तुम्ही ठेवले. लिहिलं मी." थोड्या वेळाने, "आणि नाव?"

"नाव बाद. जुन्या नावाखाली घे."

"आत्ताच करू?"

"आत्ताच कर. मी लाइनवर आहे."

एक कळ वाजली, मग दुसरी. ज्ञानदीपला शेवटचं नेलं त्या दिवशीही सगळ्या कागदांवर सह्या करायला तीच होती. दवाखान्याचे कागद, गाडीचे कागद, आईला कुणी धरायचं, कोण पुढे जाणार, सगळं तिनेच पाहिलं आणि त्यात रडायचं राहून गेलं, ते सोळा वर्षं राहूनच गेलं होतं. "झालं मॅडम," शिखा म्हणाली. धम्मदीनाने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्दाऐवजी हुंदका आला. मग तिने तो थांबवला नाही. महूच्या बसथांब्यावर, टळटळीत दुपारी, दोन अनोळखी बायकांच्या देखत, फोन कानाला लावून ती आपल्या भावासाठी मोठ्याने रडली, आणि पलीकडे शिखाने फोन ठेवला नाही.